उजवं मनगट

मोटरसायकल चालवायचं निम्मं शहाणपण उजव्या मनगटात असतं. अ‍ॅक्सिलरेटर त्याच हाताला, पुढचा ब्रेकही त्याच हाताला. माझं नेमकं तेच मोडलं.

वडिलांच्या राजदूतच्या टाकीवर बसून असं मनगट मी पहिल्यांदा जवळून पाहिलं. एचएमटीचं घड्याळ, केसांत अडकलेली धूळ. चढ आला की ते जरासं वळायचं आणि इंजिनाची घरघर माझ्या पोटात शिरायची. हेल्मेट आमच्या गल्लीत कुणाकडेच नव्हतं. कॉलेजात लूना मिळाली. चढाला तिला पेडल मारावं लागे, त्यामुळे धोका वगैरे विषयच नव्हता. नोकरी लागल्यावर शोरूममध्ये गेले तर मला स्कूटीच दाखवत होते. मी स्प्लेंडर घेतली.

पडले ती पावसाळ्याच्या तोंडावर, आंबा घाटात. वळणावर डंपरमधून सांडलेली बारीक खडी, वर नुकत्याच येऊन गेलेल्या सरीचं पाणी. पुढचं चाक निसटलं. नंतरचं नीट आठवत नाही, पण हेल्मेट पुढे बरेच दिवस न्याहाळत बसले. उजव्या कानापाशी रंग खरवडून गेलेला, काचेचा एक स्क्रू गायब. आतलं अस्तर उचकटलं तर काळ्या थर्मोकोलला केसाएवढी चीर. हे थर्मोकोल धक्का घेताना स्वतः दबतं आणि पुन्हा फुगत नाही. ती चीर डोक्याला जाण्याऐवजी त्याला गेली होती.

मनगटात प्लेट बसली. भेटायला येणारा प्रत्येक जण "आता पुरे हं" म्हणून जायचा. धाकटे भावजी कॉलेजात असताना असेच पडले होते, त्यांना बरं झाल्यावर नवी गाडी मिळाली. मला सगळ्यांनी रिक्षा सुचवली.

"नशिबात असेल ते होणार" म्हणणारे आणि "भीती मनातून काढून टाक" म्हणणारे, दोघेही माझ्या उपयोगाचे नव्हते. 2022 साली देशात रस्त्यांवर 1 लाख 68 हजारांहून जास्त माणसं गेली, त्यांतली 44 टक्क्यांच्या आसपास दुचाकीवरची. एवढ्यावर भीती वाटणार नाही तर कशावर वाटणार? मी ती भीती सुटी करून पाहिली. कशाची वाटते? वळणाची, ओल्या रस्त्याची, अंधाराची, समोरच्याची. यातलं बरंचसं आपल्या हातातलं निघालं.

हात मोकळा झाल्यावर रविवारी शाळेच्या मैदानात गाडी नेली आणि आरटीओच्या परीक्षेसारखे आठचे आकडे काढत बसले. पोरं क्रिकेट थांबवून बघत होती. मग ब्रेकची उजळणी. पुढचा ब्रेक एकदम आवळायचा नाही, दाबत न्यायचा. ताशी 60 वेगात धोका कळून हात हलेपर्यंत सेकंद गेला तर गाडी 17 मीटर पुढे गेलेली असते. वेग दुप्पट झाला की नुसत्या ब्रेकचं अंतर चौपट होतं. घाटात नजर दरीकडे गेली की गाडीही तिकडेच ओढते, म्हणून वळण जिथे सुटतं तिथे बघायचं. चौकात मोटारवाल्याच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवत नाही, त्याच्या पुढच्या चाकाकडे बघते. तो वळणार की नाही, हे चाक आधी सांगतं.

काही गोष्टी सरळ सोडल्या. पहिल्या पावसात गाडी बाहेर काढत नाही, रस्त्यात मुरलेलं तेल त्याच सरींनी वर येतं. अंधार पडल्यावर घाट नाही. 2019 पासून 125 सीसीवरच्या नव्या गाड्यांना ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारं एबीएस सक्तीचं झालं, फार चांगलं झालं. पण वळणात कललेली गाडी खडीवरून घसरली तर साधं एबीएस काय करणार? उलट्या बाजूनं येणारा आणि संध्याकाळी आडवं येणारं कुत्रं यांवर माझ्याकडे उपाय नाही. तेवढा धोका पत्करून मी चालवते, आणि पूर्वीपेक्षा कमी चालवते.

हेल्मेटसक्तीविरुद्ध आपल्याकडे, विशेषतः पुण्यात, मोर्चेही निघाले आहेत. त्या वादात मी पडत नाही. एवढंच सांगते: एकदा आपटलेलं हेल्मेट 'मागे बसणाऱ्याला चालेल' म्हणून कपाटावर ठेवलं असेल, तर ते आजच खाली काढा आणि दुसऱ्या कुणी वापरू नये म्हणून पट्टा कापून टाकून द्या.