ऐकलेले सिनेमे

सिनेमाविषयी मत नसलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. राजकारणावर बोलताना लोक आधी इकडेतिकडे पाहून घेतात. गाण्याविषयी बोलायचे तर सा कुठला आणि रे कुठला एवढे तरी कळावे लागते. पण सिनेमावर मत ठोकून द्यायला दोन डोळे आणि एक तिकीट एवढे भांडवल पुरते. हल्ली तर तिकीटही लागत नाही. आयुष्यभर मी विम्याच्या कचेरीत फायली इकडच्या तिकडे केल्या. पण गिरगावातल्या आमच्या चाळीत माझा मान होता तो सिनेमाचा जाणकार म्हणून. 'प्रभात'चा कुठला सिनेमा कुठल्या सालातला, हे मी झोपेतसुद्धा सांगेन, असे आमची सौ. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. ती हे कौतुकाने सांगते, अशी परवापरवापर्यंत माझी प्रामाणिक समजूत होती.

झाले असे की, गेल्या पावसाळ्यात मी न्हाणीघरात पाय घसरून पडलो. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचे प्लॅस्टर घातले आणि 'आता आराम करा' असे, जणू आजवर मी दगड फोडीत होतो अशा सुरात सांगितले. नातू येऊन टीव्हीला इंटरनेट जोडून गेला. जाताना माझ्या हातात रिमोट देऊन म्हणाला, "आजोबा, आता हवा तो सिनेमा लावा. आजीला बरोबर घ्या म्हणजे झालं."

आजीला बरोबर घ्यायचे म्हणजे काय? आम्ही दोघांनी सिनेमे बरोबरच पाहिलेले होते! १९७३ साली लग्न झाले आणि १९७७ साली, चाळीत सर्वांत आधी, आमच्या घरी टीव्ही आला. मुंबई दूरदर्शनवर शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा आणि रविवारी हिंदी. शनिवारी आमच्या पुढच्या खोलीत वीस-बावीस माणसे सहज असत. मुले पुढे सतरंजीवर, पेन्शनर मंडळी खाटेवर, बायका उंबऱ्याला धरून आणि उरलेले गॅलरीत, खिडकीच्या गजांना नाक लावून. मी एकेकाला आग्रहाने आत बोलावीत असे. मध्येच पडद्यावर 'व्यत्यय' ही पाटी आली की माझे व्याख्यान सुरू होई. गिरगावात राहत असल्यामुळे दादासाहेब फाळके हा माझा हातखंडा विषय. ३ मे १९१३ रोजी इथल्याच कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला, कामाला बायका मिळेनात म्हणून तारामती झाले अण्णा साळुंके, हे मी अशा थाटात सांगे की, जणू साळुंक्यांना लुगडे मीच नेसवले होते.

तर नातवाच्या आज्ञेप्रमाणे रोज दुपारी एक सिनेमा असा क्रम ठरला. एक दिवस जुना, एक दिवस नवा. मी पलंगावर पाय उशीवर ठेवून, आणि सौ. शेजारच्या खुर्चीत.

पहिल्या दिवशी 'कुंकू' लावला. शांतारामबापूंचा १९३७ सालचा. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा. जरठ वकील काकासाहेबांशी फसवून लग्न लावलेली नीरा, म्हणजे शांता आपटे, आणि काकासाहेब केशवराव दाते. नव्वदीला टेकलेला हा सिनेमा. पण नीरा त्या घरात जी ताठ उभी राहते ती आजही पाहणाऱ्याला सावरून बसायला लावते. त्यात पार्श्वसंगीत नाही. जे आवाज येतात ते घरातले. आणि ते जुने घड्याळ. मी हे सगळे समजावून सांगत होतो. सौ. म्हणाली, "घड्याळ आठवतंय मला."

शेवट आला. आपण त्या मुलीचे आयुष्य नासवले हे उमगून काकासाहेब स्वतःचा शेवट करून घेतात आणि तिने पुन्हा लग्न करावे असे पत्र लिहून ठेवतात. पडदा मावळला आणि सौ. माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं बाई! म्हणजे ते जातात?"

मी थक्क झालो. "अगं, असं काय करतेस? तीन वेळा तरी पाहिलायस तू हा सिनेमा!"

"पाहिला कुठं? ऐकलाय," ती म्हणाली. "तुम्ही पुढच्या खोलीत. मी स्वयंपाकघरात. मध्ये तुमची ती बावीस माणसं. शेवटी एकदम सगळं गप्प झालं. मला वाटलं, काकासाहेब सुधारले."

ती हसत होती. मीही हसलो, पण ते हसणे घशात जरा अडकले. मी हिशेब करू लागलो. सिनेमा सुरू झाला की चहाचे आधण. चहा झाला की कपबशा. मग मुलांची भूक, भाताचा कुकर, कुणाला पाणी, कुणाच्या पोराला रडू आले म्हणून गुळाचा खडा. दाराच्या चौकटीत ती कधी उभी राहिली असेलही. पण चौकटीत बायकांची दाटी. ती या घरची, म्हणून सर्वांत मागे.

"मग 'शेजारी'?" मी विचारले. १९४१ सालचा. जिवबा आणि मिर्झा या दोन जिवलग शेजाऱ्यांत तेढ पडते आणि धरण फुटते तेव्हा दोघे एकत्रच जातात. दाते आणि गजानन जागीरदार. हिंदू-मुसलमानांच्या दोस्तीवर इतक्या सरळ मनाने काढलेला सिनेमा आपल्याकडे दुसरा नसेल, असे माझे आपले मत.

"तो ऐकलाय चांगला. धरण फुटलं तेव्हा मला वाटलं, तुम्ही सगळ्यांनी मिळून आपली खाट मोडलीत."

"आणि 'सामना'? तो तर आपण थिएटरात पाहिला!"

"तुम्ही पाहिलात. आपली बेबी तेव्हा दहा महिन्यांची. मध्यंतरानंतर तिनं जो सूर लावला, तो मी तिला घेऊन बाहेर व्हरांड्यात."

वाचकहो, 'सामना' ज्यांनी पाहिला असेल त्यांना माझी अवस्था कळेल. जब्बार पटेलांचा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा, विजय तेंडुलकरांचे लेखन, साखरसम्राट निळू फुले आणि मास्तर श्रीराम लागू. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. सबंध सिनेमा एका प्रश्नाभोवती फिरतो: मारुती कांबळे नावाच्या माणसाचे झाले काय? त्या काळी हा प्रश्न उभ्या महाराष्ट्राच्या तोंडी होता. आणि आमच्या घरात एक बाई पन्नास वर्षे पोळ्या लाटत होती, तिला मारुती कांबळेचे काय झाले ते ठाऊकच नव्हते! तिने विचारले नाही आणि मी सांगितले नाही. मी बावीस माणसांना सांगण्यात गुंतलो होतो.

तिसऱ्या आठवड्यात 'संत तुकाराम' लावला. दामले-फत्तेलालांचा, १९३६ सालचा. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, हे सांगताना माझी छाती अजूनही दोन इंच फुगते. विष्णुपंत पागनीस मूळचे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे. पण इथे त्यांच्या चेहऱ्यावरचा तो निष्पाप भाव पाहिला की, तुकोबा याहून निराळे असतील असे वाटतच नाही. मी त्या भावात बुडून गेलो होतो. सौ. मात्र पाहत होती ती आवलीकडे.

गौरीबाईंची आवली मी आजवर विनोदी पात्र समजत आलो होतो. तोंडाळ, कजाग, नवऱ्यावर खेकसणारी. चाळीत तिच्या प्रत्येक वाक्याला हशा ठरलेला. आजारी मुलाला ओढीत ती देवळात जाते आणि हातात वहाण घेऊन विठोबाला जाब विचारते, तेव्हा तर आमच्याकडे टाळ्या पडत.

सौ. हसली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "हिचा आवाज माझ्या ओळखीचा होता. चेहरा आज पाहिला. मला वाटायचं ही बाई रागीट आहे. रागीट नाही हो. दमलीय ती."

मी रिमोटकडे पाहत राहिलो. तुकोबा शेवटी वैकुंठाला गेले आणि आवली मागे राहिली. तो शेवट मी असंख्य वेळा पाहिला होता; पण दर वेळी वर पाहिले होते, विमानाकडे.

मला आठवले ते निराळेच. १९७७ सालचा टीव्ही ज्या पैशांतून आला, ते पैसे सौ.ने शिवणयंत्रासाठी डब्यात साठवले होते. "टीव्ही काय, सगळ्यांनाच होईल," असे मी म्हणालो होतो. सगळ्यांनाच झाला. शिवणयंत्र दोन वर्षांनी आले. शनिवारी दूध कमी पडे तेव्हा ती आतून चार शब्द बोले, आणि मी पाहुण्यांकडे पाहून डोळे मिचकावीत असे. "आमची आवली," असेही एकदोनदा म्हणालो होतो. खोलीत हशा झाला होता. तो आतपर्यंत ऐकू गेलाच असणार. तिला आतून सारेच ऐकू येत असे.

"तुला तेव्हा राग आला असेल," मी म्हणालो.

"कधी?" तिने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता उठली. "चहा ठेवते."

प्लॅस्टरमुळे मला उठता येत नव्हते. उठता येत असते तर मी उठलो असतो काय, याचे उत्तर मी अजून स्वतःला दिलेले नाही.

नव्या सिनेमांच्या बाबतीत आमची मते क्वचितच जुळली. २००४ सालचा 'श्वास' दोघांनाही आवडला. डोळ्यांचा कर्करोग झालेल्या नातवाचे ऑपरेशन म्हणजे त्याची दृष्टी जाणार, म्हणून आजोबा त्याला आदल्या दिवशी शहर दाखवायला नेतो. अरुण नलावड्यांनी तो आजोबा असा केला आहे की, मी चष्मा पुसण्याचे निमित्त काढले. सौ.ला निमित्त लागत नाही. ती सरळ रडते.

'सैराट' (२०१६) मला उत्तरार्धात लांबलेला वाटला. ती म्हणाली, "संसार लांबतोच." आणि मग तो शेवट. लहानग्याची रक्ताने माखलेली पावले, आणि आवाज पूर्ण बंद. आम्ही दोघेही हललो नाही. खूप वेळाने ती हळूच म्हणाली, "हे स्वयंपाकघरातून कळलं नसतं." 'कुंकू'चा शेवटही तिला असाच निसटला होता. आमच्या घरी सिनेमातले जे जे खरे महत्त्वाचे, ते गुपचूप घडून गेले होते. आणि ती आत भात निवडत होती.

'बाईपण भारी देवा'चे नाव मी मुद्दामच काढले नव्हते. २०२३ साली तिच्या भजनी मंडळाच्या बायका तिला तो दाखवायला घेऊन गेल्या होत्या. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा. मी न पाहताच "बायकांचा सिनेमा" असा शेरा मारून मोकळा झालो होतो. त्या रात्री ती उशिरा, गाणे गुणगुणत आली आणि मी गार भात खाल्ल्याचे तिला दोनदा ऐकवले. आता धीर करून विचारले, "एवढं काय होतं गं त्यात?"

ती विचार करून म्हणाली, "सिनेमा ठीकच होता. पण मी पहिल्यापासून शेवटपर्यंत बसले. कुणी चहा मागितला नाही."

मी मग फाळक्यांची गोष्ट काढून विषय बदलू पाहिला; पहिल्या सिनेमात तारामतीचे काम साळुंक्यांनी केले वगैरे. ती म्हणाली, "हो, हेही ऐकलंय. म्हणजे पहिल्या सिनेमात बाई पडद्यावरही नव्हती." आणि पुन्हा हसली. तिच्या त्या हसण्यात टोचणी असती तर बरे झाले असते, असे मला वाटून गेले.

प्लॅस्टर निघाले. काठी टेकीत घरातल्या घरात फिरू लागलो. मागच्या शनिवारी दोघांनीही न पाहिलेला सिनेमा लावला. अविनाश अरुण यांचा 'किल्ला'. बापाविना वाढणारा मुलगा आणि बदली होऊन कोकणातल्या गावी आलेली त्याची आई, अमृता सुभाष. पाऊस, समुद्र आणि त्या पोराचे गप्प गप्प असणे. सिनेमा अर्ध्यावर आला तेव्हा मी उठलो.

"कुठं निघालात?"

"भात टाकतो."

तिने माझ्याकडे पाहिले, माझ्या काठीकडे पाहिले, आणि काही न बोलता पुन्हा पडद्याकडे पाहू लागली. मी तांदूळ धुतले. कुकरमध्ये पाणी किती घालायचे हे विचारायला दोनदा दारापर्यंत आलो आणि दोन्ही वेळा परत गेलो. ओट्याशी उभा राहून ऐकू लागलो. मुलांचा गलका ऐकू आला, लाटा ऐकू आल्या. कोण कुणाला काय म्हणाले ते निम्मेशिम्मे कळले. मग सगळे शांत झाले. काहीतरी घडले होते खास. पण काय, ते मला कळेना. कुणी रागावले होते की कुणी निघून गेले होते? मी मान वाकडी करून पाहिले. दिसले ते तिच्या खुर्चीचे मागचे पाय.

इतक्यात आवाज बंदच झाला. मला वाटले, संपला.

"अहो," आतून हाक आली, "थांबवलाय मी. गॅस बारीक करा आणि या इकडे. शेवट राहिलाय."