ताईंची वाट

भाऊसाहेब बांदोडकरांच्या निधनाची वार्ता १९७३ च्या ऑगस्टात आमच्या गावी पोहोचली, तेव्हा आम्ही शाळकरी वयाचे होतो. गावावर सुतक उतरले. पाठोपाठ दुसरी वार्ता आली. त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या! आमच्या सोप्यावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी पानाची गुळणी थुंकून विचारले, ‘बायलमनीस राज्य कशें करतलें?’ कोणी उत्तर दिले नाही. आत आई तांदूळ पाखडीत होती. तिच्या हातचे सूप मात्र क्षणभर थांबले.

त्या गृहस्थांना आम्ही दोष देत नाही. प्रश्न साऱ्या गावाचाच होता. आमच्याकडे शेतात लावणी करावी बाईने, डोईवर पाटी घेऊन बाजार गाठावा बाईने. परंतु चार माणसे विचाराला बसली की तिची जागा दाराआड.

पित्याच्या पुण्याईने लेक गादीवर बसली, असेही लोक म्हणत. त्यात तथ्य नव्हते असे नाही. पण ताई १९६७ मध्येच विधानसभेत निवडून गेल्या होत्या आणि १९७२ पासून राज्यमंत्री होत्या. १९७७ च्या निवडणुकीत तर भाऊसाहेब नव्हतेच. तरी मतदारांनी सत्ता पुन्हा त्यांच्याच हाती सोपविली.

आम्ही मुंडकार. घर आमचे, भुई भाटकाराची. छपराचे नळे बदलायचे तरी त्याच्या दारी उभे राहावे लागे. मर्जी फिरली तर बिऱ्हाड उचलण्याची धास्ती. ताईंच्या कारकिर्दीत, १९७५ मध्ये, मुंडकार कायदा झाला. मुंडकाराला हुसकावण्यास त्याने बंदी केली व घराखालची जमीन विकत घेण्याचा हक्क दिला. १९७६ मध्ये कूळकायद्याच्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमिनीची मालकी देऊ केली. भाटकार न्यायालयात गेले, खटले वर्षानुवर्षे रेंगाळले. पण भीतीची मुळे तुटली ती तुटलीच.

पुढची वाट सरळ नव्हती. १९७९ मध्ये स्वपक्षीयांनीच साथ सोडली व सरकार कोसळले. मध्यंतरी ताई काँग्रेसमध्येही गेल्या. ते पाऊल आम्हांस आजही रुचत नाही. परंतु १९९० मध्ये शिक्षणमंत्री या नात्याने त्यांनी प्राथमिक शाळांचे अनुदान मातृभाषेच्या माध्यमाशी जोडले. २०११ मध्ये ते धोरण बदलले, तेव्हा उतारवयात त्या पुन्हा रस्त्यावर उतरल्या. एके काळी भाषावादात एकमेकांसमोर ठाकलेले मराठीवादी व कोकणीवादी त्या वेळी त्यांच्यामागे एकत्र उभे राहिले. २०१६ मध्ये ताई गेल्या.

आईला राजकारण कळत नव्हते. कायदा झाल्यावर पुढल्या वैशाखात तिने घराचे नळे बदलून घेतले. ‘भाटकाराला विचारलेस का?’ वडिलांनी घाबरून विचारले. ‘आता कशाला?’ एवढेच ती म्हणाली, आणि गड्यांना चहा ठेवायला आत गेली.