ल मांची निळी गाडी

आमच्या दिवाणखान्यात एक काचेचे कपाट आहे. इतरांच्या घरी अशा कपाटात चिनी मातीचे कप असतात, नाही तर मुलांनी वक्तृत्व स्पर्धेत मिळविलेले पेले. आमच्याकडे मोटारी आहेत. सगळ्या बोटभर लांबीच्या, सगळ्या शर्यतीच्या आणि त्याही एकाच शर्यतीच्या. फ्रान्समध्ये ल मां नावाचे शहर आहे. तिथे शनिवारी दुपारी निघायचे, रात्रभर पळायचे आणि रविवारी दुपारी ज्याच्या गाडीने सर्वांत जास्त अंतर कापले असेल तो जिंकला, असा हा प्रकार १९२३ सालापासून, मधली काही वर्षे सोडली तर, चालू आहे.

"चोवीस तास गोल गोल फिरून पुन्हा तिथंच?" असे आमच्या हिने लग्नाच्या पहिल्याच वर्षी विचारले होते. त्याला समाधानकारक उत्तर मला अजून सुचलेले नाही.

माझा नियम असा, की १९७१ पर्यंतच्याच गाड्या घ्यायच्या आणि त्यातही फक्त जिंकलेल्या. १९७१ सालच्या पोर्शने चोवीस तासांत ५३३५ किलोमीटर कापले आणि तो विक्रम २०१० पर्यंत कुणाला मोडता आला नाही. त्यापुढच्या गाड्या मला चाके लावलेल्या विमानांसारख्या दिसतात. तेव्हा एकंदर ३९ विजेत्या. त्या जमवायला मला बावीस वर्षे लागली. किती पैसे लागले ते या घरात कुणी उच्चारत नाही.

चाळिसावी गाडी मात्र विकत घेतलेली नाही. ती आमच्या लहानपणची. लिव्हरपूलच्या डिंकी कंपनीचे साचे पुढे आपल्याकडे आले आणि त्यांतून ओतलेल्या गाड्या 'निकी' या नावाने विकल्या गेल्या, हे आज पिकलेल्या केसांच्या पुष्कळांना आठवत असेल. वडिलांनी बोनसच्या पैशांतून दादाला त्यातली एक आणून दिली, जग्वार 'डी'. चालकाच्या डोक्यामागे माशाच्या पाठीवर असतो तसा पर असलेली. दादाला मिसरूड फुटू लागले तेव्हा ती वारसाहक्काने माझ्याकडे आली. माझ्या हाती आली ती निळी होती. चाळीच्या गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत ती किती चोवीस तास धावली असेल त्याला गणती नाही. पुढचे एक चाक गेले, पर अर्धा तुटला, तरी ती माझ्या सामानातून या बिऱ्हाडातून त्या बिऱ्हाडात येतच राहिली.

जग्वार 'डी'ने ल मांची शर्यत लागोपाठ तीन वर्षे जिंकली: १९५५, ५६ आणि ५७. पहिल्या वर्षी कंपनीची स्वतःची हिरवी गाडी होती, पुढची दोन वर्षे एका स्कॉटिश संघाच्या निळ्या गाड्या. माझी निळी. म्हणून मी कपाटात ती १९५७च्या शेजारी ठेवली होती. ५५च्या शेजारी नाही याचे मला मनातून बरे वाटे. त्याचे कारण पुढे येईल.

आमची मुलगी आणि जावई पॅरिसला असतात. गेल्या वर्षी आम्ही दोघे महिनाभर तिकडे होतो. आयफेल टॉवर झाला, लूव्हर झाले, आणि मग एका सकाळी लेकच म्हणाली, "बाबा, तुम्ही विचारायची वाट बघत होते. चला, तुमचं गाव बघून येऊ." माँपार्नास स्टेशनावरून वेगवान गाडीने ल मां तासाभराच्याही आत येते. हिने दशम्या आणि चटणी बरोबर घेतली होती. ते फार बरे झाले, कारण त्या गावाचा प्रसिद्ध पदार्थ म्हणजे डुकराचे मांस शिजवून केलेले रिलेत, आणि दुकानादुकानांतून त्याच्याच बरण्या मांडलेल्या.

मला वाटले होते, स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच पेट्रोलचा वास येईल. प्रत्यक्षात सार्त नदीच्या काठचे ते एक शांत, जुने शहर निघाले. रोमन काळातली तांबूस भिंत, तिच्यात विटांची आणि दगडांची नक्षी, वर दगडी फरसबंदीच्या अरुंद गल्ल्या आणि टेकाडावर सेंट ज्युलियनचे प्रचंड चर्च. ही त्या चर्चमध्ये रमली. मला ट्रामची घाई. पण मोटारीशी या गावाचे नाते शर्यतीच्याही आधीचे आहे. आमेदे बोले हा इथला घंटा ओतणारा कारागीर. त्याने १८७३ साली रस्त्यावरून चालणारी वाफेची गाडी तयार केली आणि तिचे नाव ठेवले 'आज्ञाधारक'. चर्चच्या घंटा ओतणाऱ्याने मोटार करावी, ही गोष्ट हिलाही आवडली.

ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर उतरलो. शर्यत होऊन गेलेली, त्यामुळे सगळीकडे सामसूम. या शर्यतीची गंमत अशी, की तिच्या वाटेतला मोठा भाग एरवीचा सार्वजनिक रस्ता आहे. मूलसान गावाकडे जाणाऱ्या ज्या सरळ रस्त्यावर १९८८ साली एका गाडीने ताशी ४०० किलोमीटरचा आकडा ओलांडला, त्याच रस्त्यावर आमच्या टॅक्सीपुढे एक दुधाची गाडी निवांत चालली होती. टॅक्सीवाल्याने मागे वळून काही तरी म्हटले. लेक हसली. "तो म्हणतो, घाई असेल तर जूनमध्ये या."

प्रवेशद्वाराजवळच संग्रहालय आहे. खऱ्या गाड्या तिथे हातभर अंतरावर उभ्या असतात. चाळीस वर्षे जी गोष्ट तळहातावर पाहिली ती एकदम खोलीभर झाली की माणूस गोंधळतो. आणि आत काचेच्या कपाटांतून छोट्या गाड्यांच्या रांगाच रांगा. "अहो, हे तर आपलंच घर!" ही म्हणाली. तिथल्या रांगांत मात्र नुसत्या विजेत्या नव्हत्या. हरलेल्या, बंद पडलेल्या, पहिल्याच तासात खड्ड्यात गेलेल्या, सगळ्या शेजारी शेजारी.

या छोट्या गाड्यांचे माप बहुधा एकास त्रेचाळीस असते. इंग्लंडातल्या खेळण्यांच्या आगगाड्यांत एका फुटाला सात मिलिमीटर धरीत. तशा स्टेशनाबाहेर उभ्या करायला मोटारी हव्यात म्हणून साधारण त्याच मापाच्या मोटारी निघाल्या, आणि ते माप रूढ झाले. या मापाने माणूस चार सेंटिमीटरचा होतो. ताशी २४० किलोमीटरचा वेग साडेपाचावर येतो, म्हणजे आपण लोकल गाठायला चालतो तेवढा. ल मांचा सगळा रस्ता त्या मापाने मांडायचा तर तीनशे मीटरच्या वर जागा लागेल. आणि १९५५ साली जमलेली अडीच लाख माणसे? ती मांडायला कपाट कुठून आणायचे?

आता ते १९५५ सांगतो.

११ जून, संध्याकाळी साडेसहाचा सुमार. जग्वारचा माइक हॉथॉर्न आणि मर्सिडीजचा फांजिओ यांची चुरस चाललेली. हॉथॉर्नला पेट्रोल घ्यायला थांबायचे होते. त्याच्या गाडीला डिस्क ब्रेक होते. एका ऑस्टिन-हीलीला ओलांडून त्याने ब्रेक दाबले. मागच्या हीलीला, तिचा नंबर २६, तेवढ्या लवकर थांबता येईना, म्हणून चालकाने ती डावीकडे घेतली. त्याच्या मागून २० नंबरची मर्सिडीज भरधाव येत होती. तिचे चाक हीलीच्या उतरत्या पाठीवर चढले, गाडी उडाली आणि मातीच्या बांधावर आदळून फुटली. तिचे इंजिन आणि पुढचा आस गर्दीतून आरपार गेला. ८० हून अधिक माणसे मेली. मर्सिडीजचा चालक पिएर लव्हेग जागीच गेला. शर्यत थांबविली नाही. लोक एकदम परतले तर रस्ते तुंबतील आणि रुग्णवाहिका अडतील, असे कारण नंतर देण्यात आले. मर्सिडीजवाल्यांनी पुढे असतानाही मध्यरात्रीनंतर आपल्या उरलेल्या गाड्या काढून घेतल्या. जग्वार धावत राहिली आणि जिंकली.

हे सगळे मला कळले तेव्हा मी चाळिशीला आलो होतो. म्हणून ती निळी गाडी ५७च्या शेजारी.

या लव्हेगची आणखी एक गोष्ट आहे. १९५२ साली तो एकट्याने, जोडीदाराला चाक न देता, बावीस तासांहून जास्त वेळ गाडी हाकीत होता आणि सर्वांच्या पुढे होता. शेवटच्या दोन तासांत त्याच्या टाल्बोचे इंजिन तुटले. जिंकली कोण, तर मर्सिडीज. त्याच मर्सिडीजवाल्यांनी तीन वर्षांनी त्याला आपल्या संघात बोलाविले. १९५२ची ती चंदेरी मर्सिडीज माझ्या कपाटात आहे. लव्हेगची टाल्बो नाही. ती जिंकली नव्हती ना!

प्रेक्षकांच्या सज्ज्याच्या बाजूला त्या माणसांच्या नावे एक स्मृतिफलक आहे. समोर रस्ता रिकामा, दूर कुणी यंत्राने गवत कापीत होते. १९५६च्या शर्यतीपूर्वी इथला रस्ता रुंद केला, सज्जे मागे घेतले. त्यामुळे आता पाहताना त्या वेळी माणसे गाड्यांच्या किती जवळ उभी असतील याची कल्पना येत नाही. ही बराच वेळ उभी राहिली. मग तिने पदर डोक्यावरून घेतला आणि हात जोडले. परदेशात ती साडी नेसून हिंडते याचा मला एरवी थोडा संकोच वाटे. त्या दिवशी वाटला नाही.

परतताना एका छोट्या गाड्यांच्या दुकानात शिरलो. मला काहीच घ्यायचे नव्हते, माझा संच पुरा होता. पण फळीवर ती दिसली. चंदेरी, दहा सेंटिमीटरची, दारावर २०. मी हातात घेतली आणि लगेच ठेवली. मागे एकदा घरी मुंबईत पुस्तकातला तिचा फोटो दाखविला होता, तेव्हा ही म्हणाली होती, "असली गाडी आपल्या घरात नको हं." दुकानदार लेकीला सांगत होता, की ही गाडी विचारणारे पुष्कळ येतात, काही जण घेतात, काही जण माझ्यासारखे परत ठेवतात. ती हीली म्हणे दुरुस्त झाली, पुन्हा शर्यतीत धावली आणि २०११ साली लिलावात तिला आठ लाख पौंडांहून जास्त किंमत आली.

"घ्या ती," मागून ही म्हणाली.

"अगं, तूच म्हणाली होतीस..."

"म्हटलं होतं. पण तो म्हातारा बावीस तास गाडी चालवून हरला, आणि तुमच्या कपाटात त्याचं नावसुद्धा नाही. नुसते जिंकलेले काय मांडून ठेवायचे? लग्नाच्या आल्बममधून मेलेली माणसं काढून टाकतो का आपण?"

लव्हेग ४९ वर्षांचा होता. मी तिला ते सांगितले नाही. गाडी घेतली. तिची किंमत म्हणजे आमचा महिन्याचा भाजीपाला, पण या वेळी हिशेब हिनेच केला आणि हिनेच तो मिटविला.

घरी आल्यावर १९५५च्या फळीवर मी हिरव्या जग्वारशेजारी तिला जागा केली. त्या आठवड्यात दादा आला. आता तो काठी घेऊन चालतो, पण कपाटापुढे उभा राहिला की अकरा वर्षांचा होतो. मी त्याला सगळी हकिकत सांगितली. त्याने निमूट ऐकून घेतली आणि बोट दाखविले. "मग आपली जग्वार ५७मध्ये का?"

"निळी आहे ना दादा. स्कॉटिश संघाची."

"अरे, तो रंग मी दिलाय," दादा म्हणाला. "पोस्टाच्या सायकलवाल्याकडचा उरलेला. तू चार वर्षांचा होतास. वरचा रंग खरवडून गेला होता म्हणून."

"मग आधी कुठला होता?"

"आठवत नाही बुवा."

तो गेल्यावर मी टेबलाचा दिवा लावला आणि गाडी उलटी केली. पुढचे जे चाक गेलेले आहे, त्याच्या खोबणीत दादाचा ब्रश पोहोचला नव्हता. तिथे नखाएवढा जुना रंग शिल्लक होता. ही चष्मा घेऊन आली आणि तिनेही वाकून पाहिले.

"हिरवा," ती म्हणाली, आणि ५५च्या फळीवरच्या दोन्ही गाड्या तिने जराशा सरकवल्या.