पुसता न येणारी रेघ

युरोपातल्या जुन्या उस्तादांची रेखाटनं बघायला गेलं की दालनातला अंधार आधी खटकतो. त्याला इलाज नाही. कागद उजेडाने पिवळा पडतो, शाई विटते; म्हणून दिवे साधारण 50 लक्सपर्यंतच ठेवतात. व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयातला ड्यूररचा 1502चा ससा तर बहुतेक काळ कपाटबंदच असतो. लोक हिरमुसतात. मला तेवढं वाईट वाटत नाही. ससा जलरंगातलं पूर्ण चित्र आहे. रोज रेघा ओढणाऱ्याचा जीव अपुऱ्या कागदांत अडकतो.

त्याच संग्रहात ड्यूररने 1484 साली, बारा-तेरा वर्षांचा असताना, आरशात बघून काढलेलं स्वतःचं चित्र आहे. चांदीच्या तारेने काढलेलं. हाडांची राख आणि सरस यांचा लेप दिलेल्या कागदावर तार फिरवली की फिकट करडी रेघ उमटते, पुढे ती तपकिरी होते. कितीही दाबा, रेघ फारशी गडद होत नाही. सावली हवी तर रेघेशेजारी रेघ घालत बसायचं. पुसायची तर सोयच नाही. मी तार हातात घेतो तेव्हा पहिल्या रेघेआधी बराच वेळ नुसता बघत राहतो. त्या पोराच्या गालाची गोलाई अशाच बघण्यातून आली असणार.

तांबडा खडू, आपल्या गेरूचा भाऊबंद, याच्या उलट. तो मऊ, बोटाने पसरणारा. मायकेलअँजेलोने सिस्टिन चॅपेलच्या छतावरल्या आदमसाठी 1511च्या सुमारास जो अभ्यास केला, तो ह्याच खडूने. सगळा जीव धडाच्या स्नायूंवर.

आणि रेम्ब्रांट! बोरूच्या जाड, फटकळ रेघांचा हा माणूस. पण 1656 ते 1661च्या सुमारास त्याने मुघल लघुचित्रांवरून रेखाटनं केली, आशियाई कागदावर, तपकिरी शाईत, आणि तिथे त्याचा हात एकदम आवरलेला, बारीक. झाडाखाली बसलेल्या चार मुल्लांचं त्याचं रेखाटन लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ज्यावरून ते केलं ते मुघल चित्र व्हिएन्नाच्या शॉनब्रुन राजवाड्याच्या भिंतीत बसवलंय, तेही इतर चित्रांसोबत कापून-जोडून. ही कातरकाम करण्याची हौस मला कधीच पटली नाही.

प्रदर्शनाला जाल तेव्हा पाटीवर चित्रकाराचं नाव नंतर वाचा. आधी त्याखालची बारीक ओळ वाचा: तार, खडू, टाक की बोरू.