सिकलसेलचं मूल वर्गात कुठे बसतं?

गेल्या महिन्यात विशेष शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेणारी काही मुलं-मुली क्लिनिकवर आली. "सर, सिकलसेलबद्दल थोडं सांगा," म्हणाली. मी आधी त्यांनाच विचारलं, सिकलसेलचं मूल तुमच्या यादीत येतं का? कुणीच बोललं नाही.

येतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत सिकलसेल आहे. पण या शिक्षकांचं शिक्षण बहुधा श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता अशा शाखांनी चालतं. आपल्या वर्ध्यात, एकूणच विदर्भात, ज्याचं नाव गावोगाव माहीत आहे तो आजार त्यात राहूनच जातो.

तुम्हाला थोडक्यात सांगतो. हा रक्ताचा आनुवंशिक आजार. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं, पोट, छाती असह्य दुखतात. आई-वडील दोघांकडून दोष आला तर मूल 'एसएस', म्हणजे रुग्ण. एकाकडूनच आला तर 'एएस', म्हणजे वाहक. वाहकाला सहसा त्रास नसतो, त्याला खेळातून काढू नका.

आता वर्गात या. 'एसएस' मुलांची किडनी लघवी घट्ट करू शकत नाही. त्यामुळे पाणी जास्त लागतं आणि लघवीलाही वारंवार जावं लागतं. "तास संपेपर्यंत कुणी बाहेर जायचं नाही" हा नियम दिसायला सगळ्यांना सारखा. पण तो पाळता यावा म्हणून ही मुलगी पाणीच पीत नाही. मग आपल्याकडच्या उन्हात दुखणं उठतं. थंडीतली मैदानावरची प्रार्थनाही तशीच बाधते. डोळे पिवळे दिसतात म्हणून शेजारी कुणी बसत नाही. ही कावीळ संसर्गाची नव्हे, ती कुणाला लागत नाही. काहींच्या मेंदूत लक्षातही न येणारे छोटे झटके येऊन जातात, अभ्यासात लक्ष लागत नाही, आणि आपण त्यांना आळशी म्हणून मोकळे होतो.

माझीही एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी सहावीतल्या एका मुलीच्या चिठ्ठीवर मी लिहिलं, 'श्रम टाळावेत, विश्रांती द्यावी'. औषधाचा डोस दोनदा तपासला होता. ही ओळ मात्र सवयीने लिहिली. शाळेने आधी खेळ बंद केला, मग सहल, मग "घरीच आराम कर". वर्षभराने वडील औषधाला आले तेव्हा कळलं, शाळा सुटली होती.

आता मी लिहितो: पाण्याची बाटली बाकावर असू द्या. लघवीला केव्हाही जाऊ द्या. खेळू द्या, दमली की थांबू द्या. बुडलेला अभ्यास भरून द्या.

त्यातल्या एकीने विचारलं, "एकीलाच सवलत दिली तर बाकीची कुरकुर करतील ना?" करतील. म्हणून पाणी आणि लघवीची मोकळीक सगळ्या वर्गालाच द्या, असं मी सांगितलं. कुणाचं बिघडत नाही आणि तिला आजार जाहीर करावा लागत नाही. हा आजार आपल्याकडे काही समाजांत जास्त दिसतो. वर्गात नाव फुटलं की त्यासोबत जातीचीही चर्चा होते, आणि पुढे लग्न ठरवताना तीच गोष्ट आडवी येते.

पालकांनो, शिक्षकांनो, एवढं मात्र लक्षात ठेवा: जोराचा ताप, छातीत दुखणं, धाप, एका बाजूची ताकद जाणं, बोलताना अडखळणं किंवा अचानक पांढरं पडणं, यातलं काहीही दिसलं तर सुट्टीची वाट पाहू नका. 108 ला फोन करा.