ऐकलं की!

"बाबा, 'हियर' आणि 'लिसन' यांत फरक काय हो?" आठवीतल्या आमच्या कन्येने रविवारी सकाळी विचारले. प्रश्न इंग्रजीचा; तेव्हा आम्ही चष्मा पुसून सरसावून बसणे ओघानेच आले.

"हे बघ, मराठीत दोन्हींना 'ऐकणं'च. पण आपोआप कानावर पडतं ते 'हियर' आणि मन लावून ऐकायचं ते 'लिसन'. कोणाचं ऐकलं हे सांगताना 'लिसन'पुढे 'टु' हवा, 'हियर'ला तो लागत नाही. चल मंडईत, तिथं दाखवतो!"

१८८६ साली रे मार्केट म्हणून उभी राहिलेली ही मंडई पुढे महात्मा फुल्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. गंमत अशी, की नगरपालिकेचे सभासद असताना जोतीरावांनीच तिच्या खर्चाला विरोध केला होता.

"म्हणजे बाकीच्यांनी त्यांचं 'हियर' केलं, 'लिसन' नाही!" मी विद्वत्ता पाजळली. "हा सगळा गलका कानांवर पडतोय ना, ते 'हियर'. त्यातला एकच आवाज धरून ठेवलास, की झालं 'लिसन'."

मग नेहमीच्या मावशींकडून मेथी घेतली, चार लिंबे घेतली. मावशी काहीतरी बोलत होत्या. मी "हो, हो" म्हणत सुटे पैसे मोजले आणि निघालो.

बाहेर येताच कन्या थांबली. "बाबा, मावशी काय म्हणाल्या, ऐकलंत?"

"ऐकलं की!"

"काय?"

मी गप्प.

"दिवाळीनंतर त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. गाळ्यावर आता सून बसणार. बारा वर्षांचं गिऱ्हाईक म्हणून आज लिंबांचे पैसे घेतले नाहीत त्यांनी."

बारा वर्षे मी त्यांचा आवाज ऐकत होतो. नाव मात्र कधी विचारले नव्हते.

आम्ही माघारी फिरलो. मी गाळ्यापुढे उकिडवा बसलो. "कोणता डोळा, मावशी? सोबतीला कोण आहे?"

"डावा. डॉक्टर म्हणत्यात काही नाही, पण भीती वाटती बघा," त्या म्हणाल्या आणि मग बराच वेळ बोलत राहिल्या. या खेपेला मी "हो, हो" म्हटले नाही.

घरी पिशवी रिकामी करताना सौभाग्यवती कडाडल्या, "आलं कुठाय? सकाळी दोनदा सांगितलं होतं!"

कन्येने माझ्याकडे पाहिले आणि हळूच विचारले, "बाबा, हे 'हियर' ना?"