मागून आणलेली गाडी

आमच्या घरी स्वतःची गाडी फार उशिरा आली. तोवर लग्न असो, दवाखाना असो की ढग्याची महाशिवरात्रीची यात्रा, गाडी मामाकडूनच मागून आणायची. मामाचं गाव आर्वी तालुक्यात. गाडी पांढरी अ‍ॅम्बेसेडर, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेली. नावावर मामाच्या, पण हक्क अख्ख्या गावाचा. कुणाची नवरी तिच्यातून सासरी गेली, कुणाचं बाळ तिच्यातूनच पहिल्यांदा घरी आलं. किल्ली देताना मामा एवढंच म्हणे, "पाणी पाहून घेजो, अन् घाई करू नोको."

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. ऊन चढलं की पेट्रोलची नळीतच वाफ व्हायची आणि इंजिन बंद पडायचं. कार्ब्युरेटरच्या गाड्यांचं त्या काळी हे नेहमीचंच होतं. मग बॉनेट उघडून पेट्रोलच्या पंपावर ओला दुपट्टा गुंडाळायचा. तो चर्र करायचा आणि पाहता पाहता कोरडा व्हायचा. पुन्हा भिजवायचा. तेवढ्यात धुऱ्यावरून कुणीतरी बादली घेऊन येई. आधी गाडीकडे पाही, मग आमच्याकडे. "हे तर पाटलाची गाडी हाय ना जी?" त्या प्रश्नापुढे ओळख सांगावीच लागत नसे.

कॉलेजात असताना एका पोळ्याला आम्ही मित्र ती गाडी घेऊन निघालो. सेलूहून हिंगणी, पुढे बोरधरण. बोरचं अभयारण्य १९७० पासूनचं. व्याघ्र प्रकल्प ते २०१४ साली झालं; आमच्या कॉलेजच्या दिवसांत तिकडे आजच्यासारखी वर्दळ नव्हती. तलाव पाहून आम्ही डोंगरपट्ट्यातल्या खेड्यांकडे वळलो. डांबर संपलं, मुरूम संपला आणि पांदण लागली. पांदणीत गाडी चालवायची रीत मामानं शिकवली होती: बैलगाड्यांच्या चाकोरीत चाकं घालायची नाहीत, एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं कडेच्या गवतावर ठेवायचं, म्हणजे पोट घासत नाही. ती रीत कोरड्या दिवसांची. दुपारी पाऊस आला. आमची काळी माती बेसाल्ट झिजून झालेली, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पाणी पिताच फुगते. ती चाकाला चिकटते, थरावर थर चढतो, आणि शेवटी चाक आणि मडगार्ड यांच्यात बोटभर जागा राहत नाही. गाडी फसली.

शेजारच्या गावात गवळाऊ बैलांची पांढरीशुभ्र जोडी उभी होती. शिंगांना बेगड, पाठीवर झूल. आर्वी-कारंजाकडच्या गवळ्यांनी जोपासलेली ही चपळ जात, अशी गाडी सहज ओढून काढील. पण त्यांच्या धन्यानं हात जोडले. "आज त्यायच्या खांद्यावर जू नाही ठेवत जी." आदल्याच संध्याकाळी त्यानं ते खांदे तूप-हळदीनं मळले होते. आम्ही काय बोलणार? तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला आणि थांबला. त्याची पुतणी याच गाडीतून सासरी गेली होती. मग तोरणाखाली जमलेली माणसं नवे कपडे न बदलता दोर घेऊन आली. बैल उभे राहिले आणि माणसांनी गाडी ओढली. चिखलानं माखलेल्या त्या लोकांनी आम्हाला पुरणपोळी खाल्ल्याशिवाय निघू दिलं नाही.

आमच्या वर्धा जिल्ह्यात मोटार आणि बैल यांचं नातं जुनंच. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला गेले, तेव्हा वर्ध्याहून तिकडे धड रस्ता नव्हता. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई वर्ध्यातल्या मगनवाडीहून भर उन्हात पायी ये-जा करत. जमनालाल बजाजांच्या जुन्या फोर्डला बैल जुंपल्याची गोष्ट वर्ध्यात अजून सांगतात. मला ती मनापासून पटते, कारण त्या मातीत मोटार कितीही भारी असली तरी शेवटी कुणाच्या तरी दाराशी जावंच लागतं.

२०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्ग सुरू झाला तो आमच्या जिल्ह्यातूनच जातो. त्याचा मला अभिमान आहे, दवाखान्याची वाट जवळ आली. पण तिथे बैलगाडीला मज्जाव आहे आणि कुणाची गाडी कुणी ओळखत नाही. मला मामाची उणीव सगळ्यात जास्त त्या गुळगुळीत रस्त्यावर भासते. त्यानं आम्हाला नुसती गाडी दिली नाही, गावोगावी स्वतःची जोडलेली माणसंही त्या किल्लीबरोबर उसनी दिली. ते ऋण पेट्रोलची टाकी भरून फिटणारं नव्हतं.

मामा गेल्यावर घरात गाडी विकायची गोष्ट निघाली होती. मामेभावानं साफ नकार दिला. कागदपत्रं नवी करून घेतली, खालचा पत्रा बदलला. गावातल्या पोरीबाळींची पाठवणी अजूनही तिच्यातूनच होते, भाड्याचं नाव कुणी काढत नाही. माझ्या मुलीला आता तो दांड्यावरचा गिअर शिकवतो आहे. येत्या महाशिवरात्रीला ढग्याला तीच गाडी नेणार. मामेभावानं मागचे टायर बदलायला टाकलेत.